कोल्हापुरातली हॉटेलं, लॉज आणि सुरक्षितता: गेस्ट आणि मालक दोघंही वारंवार विचारतात ते प्रश्न

स्टेशन रोडच्या बाजूला 22 खोल्यांचं लॉज मी बरीच वर्षं सांभाळलं, आता ओळखीच्यांची दोन लॉज बघतो. त्यामुळं फोन दोन्हीकडून येतात. दर्शनाला येणारे विचारतात "ओ, हे लॉज बरं आहे का", आणि मालकमंडळी विचारतात "पोलीस आले तर रजिस्टर द्यायचं का". तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. गेस्टचे आणि मालकाचे प्रश्न मुद्दाम वेगळे केले नाहीत, कारण एकाचं उत्तर दुसऱ्यालाही माहीत असायला पाहिजे.

1. पहिल्यांदाच कोल्हापूरला येतोय, अंबाबाई आणि जोतिबा करायचंय. रूम बघताना सेफ्टीचं म्हणून नक्की काय बघायचं?

पैसे द्यायच्या आधी रूमबॉयला सांगा, रूम दाखव आणि जिना पण दाखव. लोक बाथरूम बघतात, गरम पाणी किती वाजता येतं विचारतात, टीव्ही लावून बघतात, पण जिना कुणीच बघत नाही. रूमपासून जिन्यापर्यंत मध्ये किती दारं लागतात ते मोजून ठेवा, कारण लाईट गेली आणि धूर झाला तर डोळ्यांचा उपयोग नसतो, भिंतीला हात लावत दारं मोजतच जावं लागतं. दुसरा जिना आहे का, असला तर त्याला कुलूप आहे का, की तिथं गाद्या आणि तुटक्या खुर्च्या रचून ठेवल्यात, हे बघा.

मग दाराची आतली कडी. कडी असून भागत नाही, तिचे स्क्रू लाकडात घट्ट बसलेत का ते हलवून बघा. खिडकी उघडते का तेही बघा. पॅसेजमधल्या आग विझवायच्या लाल सिलेंडरच्या मीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात पाहिजे. महाद्वार रोड, ताराबाई रोडच्या आतल्या गल्ल्यांत देऊळ जवळ पडतं हे खरं, पण काही गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की अग्निशमनचा बंब दारापर्यंत येणं अवघड, म्हणून तिथं राहायचं असेल आणि बरोबर म्हातारी माणसं असतील तर पहिल्या मजल्यावरचीच रूम मागा. सगळं मिळून 5 मिनिटांचं काम आहे.

2. गुगलवर लॉजचा नंबर मिळाला, तो माणूस पूर्ण पैसे आधी पाठवा म्हणतोय. पाठवू का?

नका पाठवू. नवरात्रात आणि मे महिन्यात हा प्रकार फार वाढतो, खऱ्या लॉजचे किंवा भक्तनिवासाचे फोटो वापरून दुसऱ्याच माणसाचा नंबर टाकलेला असतो. पूर्ण भाडं लगेच मागणं, क्यूआर पाठवून "स्कॅन करा म्हणजे डिस्काउंट जमा होईल" असं सांगणं, आणि व्हिडिओ कॉलवर काउंटर दाखव म्हटलं की टाळाटाळ करणं, ह्या तिन्हीपैकी एक जरी दिसलं तरी थांबा. पैसे घ्यायला कधीच स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, हे घरातल्या मोठ्या माणसांना नीट समजावून सांगा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम मध्येच अडकवता येण्याची शक्यता जास्त.

मालकांनी एक करावं, आपल्या लॉजच्या नावानं महिन्यातून एकदा स्वतः सर्च करून बघावं. दुसऱ्याचाच नंबर आपल्या नावासमोर दिसला तर लगेच रिपोर्ट करा. फसलेलं कुटुंब पहाटे 5 वाजता बॅगा घेऊन तुमच्याच काउंटरवर उभं राहतं, आणि तेव्हा त्यांना काय सांगायचं कळत नाही.

3. आधार कार्ड द्यावंच लागतं का? झेरॉक्सचा गैरवापर झाला तर?

ओळखपत्र द्यावं लागतं, पण ते आधारच पाहिजे असं नाही. खासगी संस्थांनी आधारची सक्ती करू नये, हे 2018 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर स्पष्ट झालंय. मतदान कार्ड, ड्रायव्हिंग लायसन, पासपोर्ट चालतं. पॅन कार्डावर पत्ता नसतो म्हणून ते सहसा घेत नाहीत.

आधारच द्यायचं असेल तर मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. झेरॉक्स देताना त्यावर आडवं पेनानं लॉजचं नाव, तारीख आणि "फक्त मुक्कामासाठी" असं लिहा. काउंटरवरचा पोरगा स्वतःच्या मोबाईलवर कार्डाचा फोटो काढायला लागला तर नको म्हणा, लॉजच्या सिस्टिममध्ये स्कॅन कर म्हणावं. मालकांनो, जुन्या झेरॉक्सचे गठ्ठे रद्दीवाल्याला देऊ नका. एकदा भेळेच्या पुडीत मला एका माणसाचं लायसन सापडलंय, फोटो आणि पत्ता अगदी स्पष्ट दिसत होता. गठ्ठे फाडून बारीक करा किंवा जाळा.

4. मी मालक आहे. ओळखीचा गेस्ट असेल तर रजिस्टरला एंट्री नाही केली तर चालेल का?

नाही चालत. लॉजच्या नोंदीचा आणि तपासणीचा कायदा 1867 पासूनचा आहे, सराई कायदा म्हणतात त्याला, आणि त्यावर वेळोवेळी जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघत असतात. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली गुन्हा होऊ शकतो. पण कायद्यापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. रात्री काही झालं तर आत किती माणसं आहेत हे रजिस्टरच सांगतं. डबल रूममध्ये दोघांची एंट्री आणि आत पाच जण झोपलेत असं असेल तर आगीच्या वेळी बाकीच्या तिघांना शोधायला कुणीच जाणार नाही. म्हणून प्रत्येक माणसाचं नाव लिहा, लहान मुलांचं पण, बरोबर मोबाईल नंबर, गाडी नंबर, कुठून आले, कुठं जाणार आणि वेळ. मोबाईल नंबर लिहून घेतल्यावर तिथंच एक मिस्ड कॉल द्या, खोटा असेल तर लगेच कळतं.

5. गेस्ट परदेशी पासपोर्टवाला आहे पण मराठी बोलतो, मूळचा कोल्हापूरचाच. तरी सी फॉर्म भरायचा का?

भरायचा. भाषा आणि आडनाव बघायचं नसतं, पासपोर्ट बघायचा. सी फॉर्म म्हणजे परदेशी गेस्टची सरकारला द्यायची नोंद, 2025 च्या नव्या नियमांत त्याला फॉर्म III म्हणतात. परदेशी नागरिक आल्यापासून 24 तासांच्या आत तो ऑनलाइन भरावा लागतो. आपल्याकडं पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळं काही अडलं तर एसपी ऑफिसमधल्या परदेशी नागरिक शाखेत विचारा. होमस्टेवाल्यांना वाटतं हे फक्त मोठ्या हॉटेलांना आहे, तसं नाही, पन्हाळ्यावर दोन खोल्या देत असाल तरी लागू आहे.

6. लग्न न झालेल्या जोडप्याला रूम देणं बेकायदा आहे का? आम्हाला पोलीस पकडतील का?

दोघंही 18 पूर्ण असतील, दोघांचीही ओळखपत्रं असतील आणि स्वखुशीनं राहत असतील तर त्याला मनाई करणारा कायदा नाही. 2019 मध्ये मद्रास हायकोर्टानं हे स्पष्ट शब्दांत सांगितलंय, तिथं अशाच कारणावरून एक लॉज सील केलं होतं. "लोकल आयडी चालणार नाही" हा त्या त्या लॉजचा नियम असतो, कायदा नव्हे. नियम ठेवायचा असेल तर बुकिंग घेतानाच सांगा, पैसे घेऊन रात्री 10 ला दारातून परत पाठवणं हे त्या मुलीला धोक्यात टाकणं आहे.

वयाबद्दल मात्र अजिबात ढिलाई नको. मुलगी लहान दिसते आणि बरोबरचा माणूस "ओळखपत्र घरी राहिलं" म्हणतो, किंवा सगळी उत्तरं तोच देतो आणि ती खाली बघून उभी आहे, असं असेल तर रूम देऊ नका आणि नुसतं हाकलूनही देऊ नका, कारण मग ती दुसऱ्या लॉजमध्ये जाते. त्यांना काउंटरवर बसवून ठेवा आणि 112 किंवा 1098 ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करा.

7. मी एकटी येणार आहे, परीक्षेसाठी. काय काळजी घेऊ?

रूम शक्यतो जिन्याच्या आणि लिफ्टच्या अगदी शेजारची नको, पण पॅसेजच्या टोकाचीही नको. तळमजल्यावर रस्त्याकडं खिडकी असलेली रूम घेऊ नका. काउंटरवर रूम नंबर मोठ्यानं सांगितला आणि शेजारी चार माणसं उभी असतील तर बिनधास्त म्हणा, दुसरी रूम द्या. यात मागणाऱ्याचा काहीच आगाऊपणा नाही, चूक काउंटरची आहे. रात्री कुणी दार वाजवलं तर उघडू नका, आधी रिसेप्शनला फोन करून विचारा की कुणाला पाठवलंय का. इंटरकॉम चालतो का हे त्यासाठीच रूममध्ये गेल्या गेल्या बघायचं. कडी ढिली वाटली तर दाराच्या फटीत रबरी पाचर घालायची, भांड्यांच्या दुकानात स्वस्तात मिळते आणि आतून दार चांगलं अडवते.

लॉजवाल्यांसाठी: एकट्या बाईच्या रूमवर रात्री 9 नंतर रूमबॉय पाठवू नका, पाणी-टॉवेल आधीच देऊन ठेवा, आणि तिला भेटायला कुणीही आलं, भाऊ म्हणून आलं तरी, तिला फोन केल्याशिवाय वर सोडू नका, तिचा रूम नंबरही सांगू नका.

8. रूममध्ये छुपा कॅमेरा असेल तर कसा ओळखायचा?

लाईट बंद करा, मोबाईलचा टॉर्च डोळ्यांच्या पातळीवर धरून हळूहळू सगळीकडं फिरवा, लेन्स असेल तर बारीक चमकते. बेड आणि बाथरूम ज्यांच्यासमोर येतात त्या वस्तू आधी बघा: स्मोक डिटेक्टर, घड्याळ, सेट-टॉप बॉक्स, जागा सोडून भलतीकडंच लावलेला चार्जर, सॉकेटची जास्तीची भोकं, एक्झॉस्टची जाळी. मोबाईल ॲपवर फार भरवसा ठेवू नका.

सापडला तर उपटू नका, हात लावू नका. फोटो काढा, रुमाल टाकून झाका, बाहेर या आणि मॅनेजरला सांगायच्या आधी 112 ला फोन करा. भारतीय न्याय संहिता कलम 77 आणि आयटी ॲक्टचं कलम 66ई, दोन्हीखाली गुन्हा आहे. मालकाला खरोखर माहीत नसेल तरी तपासात तो येणारच, म्हणून गेस्ट बदलताना हाउसकीपिंगवाल्या मावशींना चादरीबरोबर ह्या जागा बघायची सवय लावा, काय जास्तीचं दिसलं तर त्यांना पहिलं कळतं.

9. रात्री आग लागली तर नक्की काय करायचं?

हे जरा सविस्तर लिहितो. केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. आत कुणी नव्हतं म्हणून माणसं वाचली. हॉटेलात रात्री माणसं झोपलेली असतात. 2019 मध्ये दिल्लीच्या करोल बागेतल्या हॉटेलात 17 जण गेले, एप्रिल 2025 मध्ये कोलकात्याच्या हॉटेलात 14, आणि कोलकात्यात तर बहुतेक जण जळून नाही, धुरानं गुदमरून गेले. म्हणजे पळायचं ते धुरापासून.

जाग आली आणि वास आला तर दार एकदम उघडू नका. दाराला हाताची मागची बाजू लावा. गार असेल तर हळू उघडा, चावी बरोबर घ्या, दार मागं ओढून बंद करा म्हणजे धूर आत शिरायला वेळ लागतो, आणि वाकून जिन्याकडं जा. लिफ्ट नको. दार गरम असेल किंवा पॅसेज धुरानं भरला असेल तर आतच थांबा, टॉवेल-चादर ओली करून दाराच्या खालच्या फटीत कोंबा, एसी आणि पंखा बंद करा, खिडकीशी जाऊन 101 किंवा 112 ला फोन करा आणि हॉटेलचं नाव, मजला, रूम नंबर सांगा. खिडकीतून टॉर्च हलवत राहा. वरच्या मजल्यावरून उडी मारू नका.

माझ्या लॉजमध्ये एका नवरात्रात रात्री अडीचला तिसऱ्या मजल्यावर गिझरची वायर तापून पेटली. आग म्हणावी तर परातीएवढी, पण प्लॅस्टिकचा काळा धूर पुढच्या जिन्यात भरला. मागचा जिना होता. तिथं मीच, गर्दीला लागतील म्हणून, 14 जादा गाद्या रचून ठेवल्या होत्या. बार्शीकडच्या एक आजी, गुडघे धरलेल्या, गाद्यांच्या ढिगासमोर पायरीवर बसून राहिल्या, वर जाता येईना आणि खाली उतरता येईना. आम्ही एकेक गादी जिन्याच्या खिडकीतून बोळात फेकली, शेवटची निघेपर्यंत आजी तोंडाला पदर लावून खोकत होत्या. रूमबॉयनं मेन स्विच पाडला म्हणून तेवढ्यावर निभावलं. कुणाला काही झालं नाही, पण ती चूक माझी होती, आणि जिना बघा जिना बघा म्हणून मी सगळ्यांच्या मागं लागतो ते त्या रात्रीपासून.

10. फायरचं सर्टिफिकेट आहे आमच्याकडं, आणखी काय लागतं?

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणं वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, लायसन असलेल्या एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा बी फॉर्म घेऊन अग्निशमन विभागाला द्यावा लागतो. बरेच जण तो घरबसल्या मागवतात. तसं करू नका, एजन्सीच्या माणसाला प्रत्येक मजल्यावर फिरवा आणि आपणही बरोबर जा.

सिलेंडर कुठला कशाला ते रात्रपाळीच्या माणसाला पाठ पाहिजे. पॅसेजला एबीसी पावडर, इलेक्ट्रिक पॅनेलजवळ सीओटू. किचनमध्ये कढईतलं तेल पेटलं तर पाणी कधीच नाही, गॅस बंद करून वर झाकण सरकवायचं. सिलेंडरची पिन काढायची, नोझल आगीच्या बुडाशी धरायचं, दाबायचं आणि डावी-उजवीकडं फिरवायचं, एवढं प्रत्येकाकडून एकदा खरोखर करून घ्या, रिफिलिंगला जायच्या आधी जुना सिलेंडर अंगणात मारायला लावा. मागच्या जिन्याचं दार आतून बिनचावीचं उघडलं पाहिजे. चोरीची भीती असेल तर दाराला अलार्म लावा, कुलूप नको.

11. बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, वापरू का?

सिलेंडर आणि गिझर दोन्ही बाथरूमच्या आत असतील तर दार लावून वापरू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, चक्कर येतेय हे कळेपर्यंत माणूस कोसळतो. बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार थोडा वेळ उघडं ठेवा, मग अंघोळीला जा. मालकांनी गिझर बाहेरच्या डक्टला काढावा किंवा सोलर करावं.

12. रूममधून सोनं चोरीला गेलं, मॅनेजर बोर्डाकडं बोट दाखवतोय की "मौल्यवान वस्तूंची जबाबदारी आमची नाही".

बोर्ड लावला म्हणून हॉटेल सुटत नाही. निष्काळजीपणा, म्हणजे डुप्लिकेट चावी कुणाकडंही, पॅसेजचा कॅमेरा बंद, कुणीही वर जातंय, असं दाखवता आलं तर ग्राहक आयोगात दाद मागता येते, आधी 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका. पोलीस तक्रार लगेच करा. महाद्वार परिसर जुना राजवाडा पोलीस ठाण्यात येतो, स्टेशनची बाजू शाहूपुरीत, पण हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, कुठल्याही ठाण्यात नोंदवून ती पुढं पाठवावी लागते. दागिन्यांचा घातलेला फोटो आणि पावती लागेल.

रूममधल्या छोट्या डिजिटल लॉकरवर जाऊ नका. बऱ्याच लॉकरचा कंपनीतून आलेला मास्टर कोड मालकानं कधी बदललेलाच नसतो, सहा शून्यं दाबली की उघडतो. बंद करून बघा, दुसऱ्या कोडनं उघडला तर सोनं त्यात ठेवू नका. देवीच्या ओटीसाठी अंगावर घालून आणलेलं सोनं काउंटरवर पावती घेऊन ठेवता येतं का ते विचारा.

13. पार्किंगमधून गाडी गेली तर?

चावी कुणाकडं होती यावर बरंच ठरतं. हॉटेलच्या माणसानं चावी घेऊन गाडी लावली असेल तर ती त्यांच्या ताब्यात, आणि "मालकाच्या जबाबदारीवर" असं कूपनवर छापलं तरी निष्काळजीपणा झाला असेल तर हात झटकता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2019 मध्ये ठरवलंय. दिल्लीतल्या पंचतारांकित हॉटेलातून 1998 मध्ये गेलेल्या मारुती झेनचं प्रकरण होतं ते. चावी तुमच्याच खिशात असेल तर हॉटेलवर जबाबदारी टाकणं अवघड जातं.

14. पोलीस रात्री चेकिंगला आले. गेस्टचं दार उघडून द्यायचं का? फुटेज मागितलं तर?

रजिस्टर दाखवा, ते त्यांचं काम आहे आणि तुमचंही. पोलिसांचं ओळखपत्र विचारा, नाव आणि वेळ डायरीत लिहा. पोलिसांकडं एखाद्या रूमबद्दल विशेष माहिती असेल तर आधी इंटरकॉमवर गेस्टला सांगा, मास्टर चावीनं परस्पर दार उघडू नका. गेस्टनं घाबरायचं कारण नाही, ओळखपत्र दाखवायचं आणि शांतपणे बोलायचं. फुटेज लेखी मागणीवर द्या, पोच घ्या. गावातल्या कुणी येऊन "माझी बायको इथं आली होती का, कॅमेरा दाखव" म्हटलं तर काहीही दाखवायचं नाही, कितीही ओळखीचा असला तरी. कॅमेरे काउंटर, दार, जिने, पॅसेज, पार्किंगला लावा, आणि पॅसेजच्या कॅमेऱ्याचं तोंड असं ठेवा की दार उघडल्यावर रूमच्या आतलं दिसणार नाही. रेकॉर्डिंग महिनाभर तरी राहील एवढी हार्डडिस्क घ्या.

15. पावसाळ्यात येतोय, पुराचं काय?

जुलै-ऑगस्टमध्ये निघायच्या आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघा. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पाणी त्याच्याही बरंच वर गेलं, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली पाण्याखाली, आणि शिरोलीजवळ महामार्गच बंद झाल्यामुळं आलेली माणसं इथंच अडकली. म्हणून 39 च्या आसपास असेल तर मुक्काम वाढवू नका, औषधं चार दिवस जादा ठेवा, गाडी बेसमेंटला लावू नका.

त्या भागातल्या लॉजवाल्यांनी जनरेटर आणि मेन पॅनेल बेसमेंटमधून वर घ्यायलाच पाहिजे. पाणी आत यायची वाट न बघता तळमजल्याची लाईन तोडा. आणि गेस्टला खरं सांगा, बुकिंग जाईल म्हणून "काय होत नाही ओ" म्हणू नका.

16. गेस्ट सकाळपासून दार उघडत नाही, फोनही उचलत नाही. काय करू?

आधी मोबाईलवर फोन करा आणि दाराला कान लावा, आत रिंग ऐकू येते का. मग मोठ्यानं नावानं हाक मारा. एकट्यानं दार कधीच उघडू नका, दोघं जण पाहिजेत, त्यात शक्यतो एक बाई, आणि मोबाईलवर शूटिंग चालू ठेवा, दार उघडायच्या क्षणापुरतं. आतून कडी असेल तर तोडायच्या आधी 112 ला फोन करा, पण आतून कण्हण्याचा आवाज येत असेल तर थांबू नका, तोडा आणि 108 बोलवा. माणूस जिवंत असेल तर मदत पहिली. नसेल तर ग्लास, औषधाची पाकिटं, चिठ्ठी कशालाही हात न लावता बाहेर या, दार ओढून घ्या, बाहेर माणूस बसवा.

चेक-इनच्या वेळी कुणी एकटाच, बॅग नाही, खूप रडलेला दिसला, तर काउंटरवरच चहा सांगा आणि घरचा एक नंबर मागून घ्या. आमच्याकडच्या रात्रपाळीच्या काकांनी असं एका पोराला पहाटेपर्यंत काउंटरवर बसवून ठेवलं होतं, गप्पा मारत, सकाळी सातच्या एसटीनं त्याचे वडील सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बस स्टँडला, उतरले आणि त्याला घेऊन गेले.